दुकानाची मागची बाजू

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हिशेबात फर्निचर मांडतो, जाहिरात मांडतो. स्वच्छतागृहाला मात्र स्वतंत्र खाते नसते. पण गिऱ्हाईक ते खाते मनात ठेवतेच. पुणे-बेंगळूर महामार्गाने जाताना धारवाडजवळच्या बेलूरला गाडी थांबली, की आमची आई उपाहारगृहाची पाटी वाचत नाही, मागची बाजू पाहून येते. तिथे पाणी नसेल, दाराला कडी नसेल, तर आम्हाला चहाही मिळत नाही! कित्येक बायका तर प्रवासात पाणीच पीत नाहीत. मुंबईत सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना मोफत आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध २०११ साली ‘राइट टू पी’ चळवळ उभी राहिली. हा प्रश्न हक्काचा आहे. व्यापाऱ्याने निदान व्यवहार म्हणून तरी त्याकडे पाहावे. झुंबरापेक्षा कडी स्वस्त पडते.