…यांच्या मातोश्री होत

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर निधनवार्ता कुणालाच नको असतात. त्या नव्या पोराच्या गळ्यात मारतात. माझ्या गळ्यात पडल्या त्या कायमच्याच. साचा ठरलेला. नाव, वय, वृद्धापकाळाने की अल्पशा आजाराने, पश्चात सुना-नातवंडे असा परिवार, नेरी नाका स्मशानभूमीत अंत्यसंस्कार. धुळ्याची बातमी असली की अंत्ययात्रा देवपूरच्या राहत्या घरून. आणि शेवटी ते वाक्य, ज्यासाठी घरचे खरे तर आलेले असतात : ‘ते जिल्हा परिषदेचे अमुक व महावितरणचे तमुक यांचे वडील होत.’ गेलेल्याच्या वयात चूक झाली तर चालते. जावयाच्या पदात झाली की सकाळी सातलाच फोन.

बायकांचं तर त्याहून अवघड. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्या दिवशी आमच्यापैकी कुणी डेस्कवर असता, तर ‘कवी सोपानदेव चौधरी यांच्या मातोश्री होत’ एवढं लिहून मोकळा झाला असता, आणि त्यात कुणी चूकही काढली नसती. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ आली आणि वाक्य उलटं फिरलं. सोपानदेवच बहिणाबाईंचे चिरंजीव झाले. २०१८ मध्ये तर इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं. त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही १८५१ पासून ज्यांचे मृत्युलेख छापायचे राहून गेले, अशांवर सदर सुरू केलं, त्यात आपली मधुबाला आहे. म्हणजे हा रोग खान्देशापुरता नाही.

उलट इतिहासाचार्य राजवाडे घ्या. ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. बायको-मुलं कधीच गेलेली, दुसरं लग्न केलं नाही. पश्चात काय, तर गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरं. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं.

म्हणून मी मजकूर घेताना एक प्रश्न जादा विचारतो : ते काय करायचे? एकदा एक गृहस्थ आईची बातमी घेऊन आले. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला फोटो, खांद्यावर शेजारणीचा हात तसाच. कागदावर तिन्ही मुलांची पदं, सुबक अक्षरात. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही हो, घरीच असायची.” मग जरा थांबून, “गल्लीत कुणाकडे लग्न असलं की खापरावरचे मांडे करायला तिलाच बोलवायचे. शेवटी हात कापायचे, तरी मांडा फाटायचा नाही.” मी ते छापलं. जागेसाठी एका मुलाचं पद उडवावं लागलं, त्यावरून घरात कुरबुर झाली म्हणे. पण दारावर आलेल्या बायका मांड्यांबद्दलच बोलत होत्या, असं त्यांनीच नंतर कळवलं.

पुण्यस्मरणाच्या पैसे भरून दिलेल्या चौकटी वेगळ्या. तिथे शोकाकुल मंडळींची नावं हवी तेवढी घाला. पण साध्या निधनवार्तेला आमच्याकडे दहाएक ओळी असतात. तुमच्यावर ती वेळ येईल तेव्हा पदांची यादी जरा आखूड करा आणि गेलेल्या माणसाच्या हातचं एक काम लिहून आणा. सावद्याला केळीच्या वॅगन भरल्या असतील, तर तेही चालेल.