भूक नाही, असं आई म्हणतात

भारतातून आई-वडील आले, की त्यांना आजूबाजूचे दोन-चार देश दाखवून आणायचे, हा इथल्या आपल्या मंडळींचा रिवाजच आहे. तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं, म्युझियमच्या वेळा कागदावर उतरवून होतात. जेवणाचं काय, हा प्रश्न मात्र परक्या शहरात डब्यातल्या दशम्या मोजताना पडतो.

आमच्या आई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, साताऱ्याच्या. मांस-मासे नाहीतच, अंडंही नाही. कांदा-लसूण चालतं, एवढं आमचं नशीब. पण खरी पंचाईत वेगळीच. त्या तक्रार करत नाहीत. पॅरिसला चार दिवस त्यांनी केळी, दही आणि घरचा चिवडा यांवर काढले. रोज संध्याकाळी एकच वाक्य, "मला भूकच नाही, तुम्ही जेवा बरं." आम्ही जेवायचो आणि त्या समोर बसून कौतुकानं बघायच्या. लंडनला परतल्यावर मात्र त्यांनी वरणभात तीनदा वाढून घेतला. त्यामुळे रोमला निघताना आम्ही ठरवलं, एखादं देऊळ-राऊळ राहिलं तरी हरकत नाही, पण आईंनी दिवसातून एकदा टेबलाशी बसून, गरम आणि निःशंक मनानं जेवलंच पाहिजे.

रोमला भारतीय हॉटेलं आहेत, मोठ्या स्टेशनच्या आसपास तर बरीच. पण आईच म्हणाल्या, "छोले खायला इथवर कशाला यायचं?"

फोनवर चांदण्या बघून हॉटेल शोधायचा उद्योग आम्ही पहिल्याच दिवशी केला. त्या चांदण्या देणारे बहुतेक आपल्यासारखेच, एकदा जेवून विमानात बसलेले. आईंच्या पानात काय पडणार, हे त्यांना काय ठाऊक? दारात उभं राहून "या या, इंडिया? शाहरुख खान!" म्हणणारा माणूस दिसला, की आम्ही रस्ता बदलायचो. चवीचा प्रश्न नंतरचा, पण असा माणूस कोणत्याही प्रश्नाला "हो" म्हणतो, आणि आम्हाला "नाही" म्हणणारा माणूस हवा होता.

कारण इटलीत शाकाहारी दिसणारं सगळं शाकाहारी नसतं. "बिनमांसाचं" एवढं सांगून भागत नाही; मांस म्हणजे मांसाचा तुकडा, सूप ज्या पाण्यात शिजलं ते हाडांचं असलं तरी ते मांस नव्हे, असं समजणारे आचारी भेटतात. म्हणून आम्ही एका चिठ्ठीवर इटालियनमध्ये लिहून नेलं होतं: मांस नको, मासा नको, अंडं नको, 'ब्रोदो' म्हणजे मांसाचं पाणी नको आणि 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी नको. हा शेवटचा शब्द बेकरीत उपयोगी पडतो. काही ठिकाणी पावाच्या पिठात ती घालतात.

दुसरी मदत मेनूकार्डाची झाली. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलांनीही ॲलर्जीच्या पदार्थांची माहिती देणं कायद्यानं बंधनकारक आहे. इटलीत बऱ्याच मेनूकार्डांवर पदार्थापुढे बारीक आकडे छापलेले दिसतात. युरोपच्या यादीत चौदा गोष्टी आहेत. बहुतेक हॉटेलं तोच क्रम पाळतात; मग ३ म्हणजे अंडं, ४ म्हणजे मासा, ७ म्हणजे दूध. (खाली दिलेला खुलासा एकदा पाहून घ्यावा.) आईंनी चष्मा लावून तीन आणि चार शोधायचं काम आपणहून घेतलं. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, कोरड्या स्पॅगेटीत फक्त गव्हाचा रवा आणि पाणी, हे त्यांनी त्या आकड्यांवरूनच ताडलं. मांसाला मात्र यादीत आकडाच नाही, तेव्हा चिठ्ठी लागतेच.

या चार नंबरानं आम्हाला एकदा वाचवलं. एका दुकानात भोपळ्याच्या फुलांची भजी दिसली. आईंचा चेहरा असा उजळला, की आम्ही तीन घ्यायला पुढे झालोच. श्रावणात परसातली फुलं तोडून त्यांच्या आई अशीच भजी करायच्या म्हणे. पण आकडा बघितला तर ४. रोममध्ये या फुलात मोझरेला आणि खारवलेल्या अँचोव्ही माशाचा तुकडा भरतात! शेजारची 'सुप्ली' थेट बटाटेवड्यासारखी दिसते. आत भात असतो, पण जुन्या पद्धतीनं केली तर त्यात खिमाही असतो. आई म्हणाल्या, "दिसायला अगदी आपलं. आतून कुणाचं कोण जाणे."

चीजचा प्रश्न जरा नाजूक. रोमचं प्रसिद्ध पेकोरिनो मेंढीच्या दुधाचं, पण ते विरजायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. 'काचो ए पेपे' या तिथल्या लाडक्या पास्त्याचा सगळा जीव त्या पेकोरिनोत. आईंना हे सांगावं की नाही, यावर आमचं हॉटेलच्या खोलीत बरंच बोलणं झालं. न सांगता त्या आवडीनं खातील, यात शंका नव्हती. पण त्यांच्या जेवणाचा निर्णय आपण त्यांच्या पाठीमागे घ्यायचा, हे काही पटेना. सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग चीज नको. तिखट काही मिळतं का बघा." तिखट मिळतं! लसूण, ऑलिव्ह तेल आणि सुकी मिरची यांची चक्क फोडणी दिलेली स्पॅगेटी. ती त्यांनी दोनदा मागवली.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा फोन आला. बेने इस्रायली कुटुंब, आता इस्रायलला असतात. त्यांनी पटकन तोडगा सांगितला: "यहुदी मोहल्ल्यात जा आणि दुधाचं कोशर हॉटेल शोधा." कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र येत नाही. त्यामुळे दुधाच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मांस, मांसाचं पाणी, चरबी काहीच नसतं. मासा चालतो, तेवढं मात्र विचारायचं. रोममध्ये यहुदी लोक दोन हजारांहून अधिक वर्षं राहताहेत. पोपनं १५५५ मध्ये त्यांना ज्या वस्तीत कोंडलं, तिथेच आज ही हॉटेलं आहेत. सगळीच कोशर नसतात, प्रमाणपत्र पाहावं लागतं. आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ ती बंद. तिथे आईंनी आख्खं तळलेलं आर्टिचोक खाल्लं. पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरीत. चिठ्ठी खिशातून काढावीही लागली नाही.

पण सगळ्यात छान जेवण टेस्ताच्चोमध्ये झालं. खरं तर आईंसाठी याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. १९७५ पर्यंत तिथे शहराचा कत्तलखाना होता आणि आतडी, जीभ, शेपटी यांचे पदार्थ ही त्या भागाची ख्याती. आम्ही गेलो ते तिथल्या मंडईत फिरायला. परतताना औषधांच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. "चांगलं हॉटेल कुठलं?" असं नाही, तर "तुम्ही स्वतः दुपारी कुठे जेवता?" त्यांनी मागच्या गल्लीतली एक छोटी खानावळ दाखवली. हातानं लिहिलेला मेनू, आठ टेबलं, निम्म्यांवर कामाच्या कपड्यांतले लोक. वाढणाऱ्या मुलीनं आमची चिठ्ठी वाचली आणि लगेच "हो" म्हटलं नाही. ती आत गेली. बाहेर येऊन तिनं मेनूवरच्या दोन पदार्थांवर पेन्सिलीनं काट मारली, तीन गोष्टींखाली रेघ ओढली. आईंनी ते पाहिलं आणि पदर सारखा करून टेबलाशी नीट सरसावून बसल्या.

रेघा ओढलेलं सगळं 'कोंतोर्नी'मधलं, म्हणजे तोंडीलावण्यातलं. पांढऱ्या घेवड्याची उसळ म्हणावी असं काहीतरी, भाजलेले बटाटे आणि चिकोरी. ही चिकोरी म्हणजे कडवट पालेभाजी, आधी उकडून मग लसूण-मिरचीवर परतलेली. आम्ही तिन्ही पदार्थ एकदम मागवले, मध्ये पाव ठेवला आणि झालं ताट तयार. आईंनी चिकोरी आणखी एक बशी मागितली. स्वतः मागितली, हात वर करून.

मग स्वयंपाकघरातल्या बाई बाहेर आल्या. दोघींची अर्धा तास खुणांची भाषा चालली. लसूण ठेचायची की चिरायची, यावर एकमत झालं नाही.

आता आमच्या भागातल्या इटालियन दुकानातून आई दर शनिवारी चिकोरी आणवतात. उकडलेलं पाणी फेकून द्यायचं, हे मात्र त्यांना मुळीच मान्य नाही. त्या पाण्यात त्या कणीक भिजवतात आणि त्या कडू पोळ्या आम्ही निमूटपणे खातो.