गिळलेली चूक

'व्हेन अदर्स देन नल.' ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएलमध्ये हे चार शब्द ज्यांनी वाचले आहेत, त्यांना आमचा रोख कळला असेल. इतरांसाठी अर्थ असा : अन्य काहीही बिघडले तरी काही करू नका. याहून संक्षिप्त बेपर्वाई आमच्या तरी वाचनात नाही.

दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या स्टोअर्ड प्रोसिजर वाचणे हा आमचा चरितार्थ. एका पतसंस्थेच्या प्रणालीत खात्यातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा ट्रिगर होता. पुढे कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला शाखेचे संकेतांक जोडले गेले, नोंदींच्या टेबलातला रकाना तोकडा पडला आणि प्रत्येक नोंद नाकारली जाऊ लागली. ट्रिगरच्या शेवटी वरचे चार शब्द होते. व्यवहार बिनबोभाट होत राहिले. नोंदी तेवढ्या होईनात. एका वृद्ध खातेदार बाईंनी 'ही रक्कम मी काढलीच नाही' असे सांगितले, तेव्हा ती कोणाच्या लॉगिनने निघाली हे सांगणारी एक ओळही उरलेली नव्हती. बाई खरे बोलत होत्या असे आम्हांला आजही वाटते. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत.

याचे खापर केवळ आळसावर फोडणे अन्यायाचे होईल. ट्रिगर हा मूळ ट्रान्झॅक्शनचाच भाग. त्यातली चूक वर जाऊ दिली तर खातेदाराचा व्यवहारच मागे फिरतो. म्हणजे वहीची शाई संपली म्हणून तिजोरी बंद! बरे, ती चूक दुसऱ्या टेबलात लिहावी, तर रोलबॅक तीही पुसून नेतो. त्यासाठी ओरॅकलने स्वायत्त ट्रान्झॅक्शन दिले. टॉम काइट यांच्यासारखा जाणकार मात्र ट्रिगर, स्वायत्त ट्रान्झॅक्शन आणि 'व्हेन अदर्स' ही तिन्ही भाषेतून काढून टाकावीत असे म्हणत आला. ट्रिगरबाबत आमचा मतभेद आहे, 'अदर्स'बाबत नाही. २००७ च्या ११जी आवृत्तीपासून, चूक पुन्हा वर न पाठवणाऱ्या अशा कलमाबद्दल कंपायलर ताकीद देऊ शकतो. अर्थात ताकिदी मुळात चालू केल्या असतील तर.

(एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी हसू नये. २००५ पूर्वी तिथे प्रत्येक विधानानंतर एररचा क्रमांक हाताने तपासावा लागे. मग ट्राय-कॅच आले, आणि रिकाम्या कॅचची सोय झाली.)

ते चार शब्द काढावेत, नोंद होत नसेल तर पैसेही निघू नयेत, असे आम्ही पतसंस्थेला लिहून दिले. संचालकांनी विचारले, "आणि रांग थांबली तर?"

थांबू द्या, म्हणालो.