डेंकाली नकाशात नाही

साठच्या दशकातला टीव्ही म्हटलं की आपण यूट्यूबवर १९६६ चा 'बॅटमॅन' लावतो. हिंगण्यात तेव्हा टीव्हीच नव्हता. दिल्लीत तो १९५९ला सुरू झाला, मुंबईत थेट २ ऑक्टोबर १९७२ला. इथल्या पोरांचा सुपरहिरो यायचा तो कागदावर. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं, त्यातून.

माझ्या मोठेबाबांकडे त्याचे हिंदी अंक आहेत, बरेचसे बिनकव्हरचे. ली फॉकचा फँटम त्यात 'वेताल' झाला. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, त्यामुळे वेगळी ओळख करून द्यायची गरजच उरली नाही. मी ॲपचं लोकलायझेशन करतो. आम्हाला बटणावरचा एक शब्द धड जमत नाही. यांनी तर भूगोल बदलला. मूळ 'बंगाला'चं 'डेंकाली' केलं, 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले. बंगाल, शीख, उगाच वाद नको.

मोठेबाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचतो, चित्रात काय आहे ते तेच मला सांगतात, बहुतेक वेळा बरोबर. परवा त्यांना डेंकालीचं हे प्रकरण सांगितलं. बराच वेळ गप्प बसले.

"शाळेच्या नकाशात शोधलं होतं न मी. पूर्ण आफ्रिका पाहिली. वाटलं, आपल्यालेच नकाशा वाचता येत नाही."

मी फोन खाली ठेवला.

"थांबला काहून बे? वाच पुढं."