आजोबांची ॲटलस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सायकल मात्र तिसऱ्या पिढीला आली आहे. आजोबांनी दुधाच्या किटल्या वाहिलेली ती ॲटलस भंगारात जायची होती. मी ती दुरुस्तीला घेतली. रॉकेलने छर्रे धुतले, ग्रीस भरले, चाकांची आऊट काढली. अडले ते कॉटरपाशी. क्रँकचे भोक झिजलेले, नवी कॉटर त्यात सैल बसे. आणि आजोबांच्या पायाखालची क्रँक मला बदलायची नव्हती. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखानाही ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. अखेर भंगारवाल्याचा डबा उपसला. माझ्या हाती मोजपट्टी होती. सातवी शिकलेल्या अप्पांनी अंगठ्याने चाचपूनच एक जाड कॉटर निवडली, कानशीने तिचा उतार घासून बेताचा केला.

"नीट बघ, हे कुठं लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

म्हणून लिहितो : कॉटर ठोकताना क्रँकखाली भक्कम टेकू द्यावा, नाहीतर घाव छऱ्यांना बसतो. मैलभर सायकल चालवावी आणि नट पुन्हा आवळावा.