खर्जातला आवाज

बँडमध्ये सगळ्यात कमी कौतुक होतं ते बेस गिटार वाजवणाऱ्याचं. लोक गायकाकडे पाहतात, मग गिटारवाल्याकडे, मग ड्रमवाल्याकडे. बेसला चार जाड तारा असतात आणि त्याचा सूर कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. तबल्यात जो डग्गा, तानपुऱ्यात जी खर्जाची तार, तेच बँडमध्ये बेसचं काम. वाजत असतो तोवर लक्षात येत नाही, थांबला की गाणं पोकळ होतं.

मला ज्या बेसवादकाबद्दल लिहायचं आहे तो मात्र मागे उभा राहणारा नाही. बासिम उस्मानी हा अमेरिकेतल्या बॉस्टनचा, पाकिस्तानी वंशाचा. तो बेस वाजवतो, गातो आणि गाणी लिहितो. त्याच्या पंक रॉक बँडचं नाव 'द कमीनाज'. आपल्याकडे कुणी पोरगा घरात हे नाव सांगेल तर आधी अम्मीची चप्पल येईल. पण नाव मुद्दाम तसं घेतलेलं आहे. जग आपल्याला बदमाश समजतंच आहे, तर ती शिवी आपणच पाटीवर लिहून टाकू, असा तो हिशेब.

पंकचा जन्म १९७० च्या दशकातला, न्यूयॉर्क आणि लंडनमधला. तीन सूर येत असतील तर बँड काढा, कंपनी घेत नसेल तर रेकॉर्ड स्वतः छापा, एवढीच त्याची शाळा. रियाज, घराणं, उस्ताद काही नाही. राग आहे ना? मग चढा स्टेजवर. संगीताच्या जाणकारांनी नाकं मुरडली, पण ज्यांना कुणी बोलू देत नव्हतं त्यांना बोलायला जागा मिळाली.

ही जागा मुसलमान पोरांपर्यंत पोहोचली एका कादंबरीमुळे. मायकेल मुहम्मद नाइट या अमेरिकन नवमुस्लिम लेखकाने 'द तक्वाकोर्स' लिहिली. सुरुवातीला तिच्या झेरॉक्स प्रती तो स्वतःच वाटायचा. एका घरात राहणारे मुस्लिम पंक, त्यांची नमाज आणि त्यांचा गोंगाट, अशी ती काल्पनिक गोष्ट. 'तक्वा' म्हणजे अल्लाहची जाणीव आणि धाक, त्याला 'हार्डकोर' या पंक प्रकाराची शेपटी जोडून हा शब्द झाला. गंमत अशी की पुस्तकातले बँड खरे नव्हते, पण ते वाचून खरे बँड निघाले. उस्मानी आणि शाहजहान खान यांनी कमीनाज उभा केला. त्यांच्या सोबतीला आले अर्जुन आणि कर्ण रे, बंगाली कुटुंबातले भाऊ. महाभारतातले अर्जुन आणि कर्ण एका बाजूने लढायला असा बँडच लागतो!

२००१ नंतरची अमेरिका आठवा. विमानतळावर नाव वाचलं की वेगळी रांग. अशा वेळी पोरांपुढे दोनच वाटा ठेवल्या गेल्या. एकतर 'आम्ही शांतताप्रिय आहोत' असं दिवसातून पाच वेळा सांगा, नाहीतर गप्प बसा. उस्मानीने तिसरी वाट काढली, टिंगलीची. त्यांच्या २००८ च्या अल्बमच्या नावातच ग्वांतानामोचा तुरुंग आहे. सेक्स पिस्टल्सच्या १९७६ च्या प्रसिद्ध गाण्याच्या शीर्षकाची मोडतोड करून त्यांनी 'शरिया लॉ इन द यूएसए' हे गाणं केलं. समोरच्याच्या डोक्यातली भीती उचलून त्याच्याच तोंडावर वाजवली.

पण टिंगल फक्त गोऱ्यांची नव्हती, घरच्यांचीही होती. २००७ मध्ये हे बँड एका जुन्या हिरव्या बसमधून अमेरिकाभर फिरले. शिकागोजवळ मुस्लिमांच्या एका मोठ्या अधिवेशनात ते खुल्या मंचावर चढले. 'सीक्रेट ट्रायल फाइव्ह' या मुलींच्या बँडने गायला सुरुवात केली आणि आयोजकांनी कार्यक्रम थांबवला. बाईने गाणं चालणार नव्हतं. शेवटी पोलिसांनी सगळ्यांना बाहेर काढलं. त्यानंतर उस्मानी आणि खान काही काळ लाहोरात राहिले, तिथेही वाजवलं.

पुढे त्यांना सर्वात जास्त जाच झाला तो लेबलाचा. प्रत्येक पत्रकार 'मुस्लिम पंक' म्हणून यायचा आणि इस्लामबद्दल विचारायचा. बेसबद्दल, चालीबद्दल कोण विचारणार?

इथे मला आपला शाहीर आठवतो. बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे अमर शेख. बसवर क्लीनर, गिरणीत कामगार, तुरुंगवास, आणि मग १९४४ पासून अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक. डफावर थाप पडली की मैदान जागं व्हायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा आवाज गावोगाव फिरला. १९६९ मध्ये इंदापूरजवळ अपघातात तो गेला. त्याच्याकडे ना लाइटी होत्या ना अ‍ॅम्प्लिफायर, पण काम तेच: थोडी वाद्यं, खणखणीत शब्द, आणि सत्तेला थेट सवाल. मला तो पंकच वाटतो. आणि आज त्याची ओळख करून देताना वक्ते हमखास म्हणतात, 'मुस्लिम असूनही…' ते 'असूनही' माझ्या कानात खड्यासारखं लागतं.

हे सगळं मी का लिहितोय? कारण रत्नागिरीत माझ्या भाच्याला बेस शिकायचा आहे. बाप आखातात, घरी अम्मी आणि दादी. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी 'मौसिकी हराम' म्हणून निकाल दिला. कॉलेजातल्या मित्रांनी विचारलं, "तुमच्यात चालतं का रे?" भाचा मला म्हणाला, "मामू, दोघंही मला एकच प्रश्न विचारतायत."

बरोबर बोलला पोरगा. बुजुर्गांशी वाद घालता येतो. संगीताबद्दल उलेमांमध्ये शतकानुशतके मतभेद आहेत. इमाम गझालींनी समाबद्दल एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि ते सरसकट बंदीचं नाही. आपल्या लग्नांत डफ वाजतोच. ज्याला पटत नाही त्याने वाजवू नये, तोही त्याचा हक्क. पण मित्रांच्या प्रश्नाला उत्तर देत बसण्याची सक्ती या पोरावर का?

मी बहिणीला एवढंच सांगितलं, "बाजी, त्याला घेऊन दे. पण एक अट घाल, गाणी त्याने स्वतःची लिहावीत." कुणाची भाषा? त्याची. दालदी, मराठी, उर्दू, जी तोंडात येईल ती. मासळीच्या भावावर लिहावं, आखातातून येणाऱ्या व्हिडिओ कॉलवर लिहावं, आमच्यावर रागावून लिहावं. ऐकणाऱ्यांना माझी विनंती इतकीच, की तो वाजवायला उभा राहील तेव्हा त्याचा धर्म नंतर विचारा, आधी बघा पोरगा तालात आहे का.