चिन्ह कोणाचं, गिऱ्हाईक कोणाचं?

निवडणुकीतून ब्रँडिंग शिका, अशा रील्सचा सध्या नुसता सुळसुळाट झालाय. ओबामा, 'अबकी बार', गुलाबी जॅकेट, सगळं त्यात येतं. आमच्या बाजारपेठेतले दोन-तीन तरुण दुकानदार मलाही विचारतात, "भाऊ, तुम्ही एवढ्या निवडणुका पाहिल्या, आमच्या धंद्याच्या कामाचं काही सांगा ना." पत्रकारितेच्या डिप्लोमात मार्केटिंग नव्हतं. पण तालुक्याचा वार्ताहर बातमीही आणतो अन् जाहिरातही, त्यामुळे प्रचार दोन्ही बाजूंनी पाहायला मिळतो. तर ओबामा राहू द्या, आपला बुलढाणा जिल्हाच घ्या.

सिंदखेडराजा. डॉ. राजेंद्र शिंगणे इथून १९९९, २००४, २००९ आणि २०१९ असे चार वेळा घड्याळावर निवडून आले. मतदारसंघातल्या वाड्यावस्त्यांवर घड्याळ पोचवलं ते त्यांनीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने घड्याळ अजित पवारांच्या पक्षाला दिलं. ऑक्टोबरात शिंगणे शरद पवारांकडे परतले आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे राहिले. समोर घड्याळावर मनोज कायंदे. निकाल काय? घड्याळ ४,६५० मतांनी पुढे. आता फक्त चिन्हामुळे हे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. धनुष्यबाणावर शशिकांत खेडेकरही होते, त्यांनी साठ हजारांवर मतं घेतली, लढत तिरंगी होती. पण मतदानानंतर एका पारावर म्हातारबा मला म्हणाले, "साहेब आपलेच ना, म्हणून घड्याळच दाबलं." असे किती असतील, कोण मोजणार? वीस वर्षं दुकान चालवावं अन् पाटी दुसऱ्याच्या नावावर निघावी, तसं झालं.

आता याच्या उलट पाहा. लोकसभा २०२४. शिवसेना दोन, त्यामुळे धनुष्यबाणावर प्रतापराव जाधव आणि मशालीवर नरेंद्र खेडेकर. आणि तिसरे रविकांत तुपकर, अपक्ष. ना पक्ष, ना ओळखीचं चिन्ह. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, म्हणजे प्रचाराला हातात जेमतेम दोन आठवडे. तरी मतं पडली जवळपास अडीच लाख! जाधव जिंकले २९ हजारांच्या फरकाने. तुपकरांची मतं कुठून आली? सोयाबीन-कापसाच्या भावासाठीचे मोर्चे, उपोषणं, अटका, हे सगळं लोकांनी आधीच पाहिलं होतं. लोक चिन्ह शोधत नव्हते, तुपकर कुठं आहेत ते शोधत होते. त्यांचं राजकारण पटो न पटो (मला सगळंच पटतं असं नाही), पण गिऱ्हाईक नाव घेऊन दुकानात येणं म्हणजे काय, ते हे.

धनुष्यबाण हाती असला की झालं, असंही नाही. नोव्हेंबरात बुलढाण्यात धनुष्यबाण मशालीपुढे टिकला, पण फक्त ८४१ मतांनी. आणि प्रतापरावांच्या स्वतःच्या मेहकरात सिद्धार्थ खरात मशाल घेऊन निवडून आले.

लाडक्या बहिणीचं तर विचारूच नका. योजना एक, लेबलं अनेक. अजित पवारांच्या पक्षाच्या जाहिरातींत 'मुख्यमंत्री' हा शब्दच गाळला म्हणून शिंदेसेनेची कुरबुर झाली होती. इकडे बँकेच्या रांगेतल्या बायका त्या योजनेला म्हणतात 'पंधराशे'. बस्स.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. रील्समध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही. लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले आणि 'ट्रम्पेट' चिन्हाच्या अपक्षाला मिळाली ३७,०६२ मतं. दिंडोरीत भास्कर भगरे जिंकले, पण भगरे आडनावाच्याच ट्रम्पेटवाल्या अपक्षानेही लाखावर मतं नेली. आयोगाच्या मराठी यादीत त्या ट्रम्पेटचं नाव काय होतं? तुतारी! लोकांनी त्याला पिपाणी म्हटलं ते नंतर. विधानसभेआधी पक्षाने तक्रार केली, तेव्हा पक्षाचं चिन्ह यंत्रावर मोठं दाखवायचं आयोगाने मान्य केलं. पिपाणी मात्र यादीत राहिली.

आपल्याकडे खरिपाच्या तोंडावर बियाण्याच्या बॅगा येतात. रंग तोच, शेंगेचा फोटो तोच, नावात एका अक्षराचा फरक. शेतकरी फसला की आपण त्याला बोगस म्हणतो, कृषी अधिकाऱ्याला बोलावतो, पंचनामा होतो. कंपनीही नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचते. यंत्रावर हेच झालं की आपण त्याला 'रणनीती' म्हणतो अन् चहा पिता पिता कौतुक करतो. पेरणी मोडली तर दुबार पेरणी करता येते, भले कर्ज काढून. इथं पाच वर्षं थांबावं लागतं.

आयोगाला हे अवघड नाही. एखाद्या पक्षाला चिन्ह दिलं की त्याच्यासारखं दिसणारं आणि त्याच मराठी नावाचं दुसरं चिन्ह त्या राज्यात खुल्या यादीत ठेवू नये. ज्या पक्षाला आज पिपाणीचा फायदा झाला, त्यानेही ही मागणी करावी. उद्या त्याच्या चिन्हाचा जुळा भाऊ यादीत निघू शकतो. दुकानदार मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी 'तसंच दिसणारं' पाकीट छापायच्या विचारात असेल, तर त्याची जाहिरात माझ्याकडे घेऊन येऊ नका.